काटाकाकांच्या गाडीचा भाव

काटाकाकांच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी मी उकिडवी बसले होते आणि समोर जे दिसत होतं त्यावर माझा विश्वास बसत नव्हता. रिमची कड खरवडलेली होती. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, ओरखड्यावर ओरखडा. मागचं डावं चाक पाहिलं, त्याचीही तीच गत. काटाकाकांच्या गाडीला ओरखडा आहे असं आदल्या दिवशी मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

काटाकाका आमच्या कामात सगळ्यांत ज्येष्ठ. जुन्या वेगवान गाड्यांची किंमत ठरवणं हा आमचा धंदा. विकणारा आणि घेणारा आमची फी निम्मी निम्मी देतात आणि आम्ही सांगू तो भाव मान्य करतात. निदान काटाकाकांनी सांगितलेला तरी. त्यांनी एकदा आकडा उच्चारला की विकणारा रडो, घेणारा हातपाय आपटो, तो आकडा तसूभर हलायचा नाही. म्हणून नाव पडलं काटा, तराजूचा. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले. त्यांना ते आवडायचं, पण कबूल करतील तर ते काका कसले!

साध्या गाडीचं सोपं असतं. किती वर्षांची, किती पळाली, बघा आणि सांगा. वेगवान गाडीचं तसं नाही. एखाद्यानं वर्षानुवर्षं जपून चालवलेली गाडी, दुसऱ्यानं सहा महिने मस्तीत उडवलेल्या गाडीपेक्षा चांगली असू शकते, आणि बाहेरून दोघी सारख्याच चकचकीत. काका आले की आधी काही न बोलता बॉनेटवर तळहात ठेवायचे. कोमट लागलं की मागे फिरायचे. "इंजिन आधीच तापवून ठेवलंय. थंड असताना काय आवाज करतं ते मला ऐकू द्यायचं नाही यांना. उद्या येतो," म्हणायचे आणि खरंच निघून जायचे. मालक मागे धावत यायचा.

आणि त्यांची एक खोड होती. भाव सांगण्याआधी ते गाडी चालवणाऱ्याबद्दल सांगायचे. मालकाशी आधी बोलायचंच नाही, त्याच्या गोड बोलण्यानं नजर बिघडते, हा नियम. पेडलचं रबर, टायरची झीज, ब्रेकची तबकडी, सीटची कड एवढं पाहून ते ठणकावून सांगायचे, "मालक उतावळा आहे. सिग्नलला थांबलेला असतानासुद्धा याचा पाय क्लचवरच असतो. आणि दार रागानं आपटतो." एकदा हे ऐकून मालकाची बायको आमच्या ऑफिसच्या शेडमध्ये मटकन खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "अहो, पंचवीस वर्षं मी हेच सांगतेय." काकांना त्या दिवशी चढलेली ऐट पुढे आठवडाभर उतरली नाही.

मला त्यांनी शिकवलं असं लोक म्हणतात. शिकवलं कसलं, छळलं. एका गाडीखाली मला दुपारभर पडायला लावलं, कारण मी "बहुतेक ठीक आहे" असं म्हणाले होते. "बहुतेक म्हणजे काय? बघितलंस की नाही बघितलंस?" मी तेव्हा त्यांना मनातल्या मनात शंभर शिव्या दिल्या. पण एक गोष्ट त्यांच्याकडून पक्की घेतली. भाव सांगायचा तर कारण सांगायचं. कारण न सांगता आकडा फेकणाऱ्याला ते दलाल म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडी त्याहून घाण शिवी नव्हती.

तर हे काका स्वतःची गाडी विकायला निघाले. लांबट, करडी, दोन दारांची, मागे नावापुरती सीट. ती देऊन त्यांना याहून जोरात पळणारी घ्यायची होती. "या वयात?" मी विचारलं. "मग कोणत्या वयात? मेल्यावर?" ते म्हणाले. स्वतःच्या गाडीचा भाव स्वतः करायचा नाही, हा आमच्यातला रिवाज. ते काम त्यांनी माझ्यावर टाकलं. म्हणाले, "परक्याची समज. नातं मध्ये आणलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही." मला खरं सांगायचं तर आभाळ ठेंगणं झालं होतं. घेणारा दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता.

गाडी नेहमी शेडच्या कोपऱ्यात डावी बाजू भिंतीला लावून उभी असायची. मी ती पहिल्यांदाच अंगणात मधोमध आणली आणि भोवती फिरले. उजवी बाजू आरशासारखी. डाव्या बाजूला आले आणि थिजले. रिमचं सांगितलंच. दाराच्या मधोमध एक आडवा पोचा. डाव्या आरशाचं कव्हर तडकलेलं. बंपरच्या डाव्या टोकाला कुठल्या तरी खांबाचा पिवळा रंग घासून लागलेला. काही ओरखडे जुने होते, त्यात धूळ बसलेली. काही अगदी ताजे. आणि उजवीकडे केसाएवढा ओरखडासुद्धा नाही.

कुणी दुसऱ्यानं चालवली असेल, म्हणून मी स्वतःची समजूत घातली. पण काका गाडी कुणाला हातही लावू देत नसत, त्या दिवशी मला चावी देतानाही दहा सूचना दिल्या होत्या. मग तिथेच बसल्या बसल्या मला एकेक गोष्ट आठवायला लागली. महिनाभरापासून त्यांच्या डाव्या गालावर दाढीचे खुंट राहायचे. मी चिडवलंही होतं, "काका, अर्ध्याच पैशांत दाढी केली का?" टेबलावर डाव्या हाताला ठेवलेला चहा तसाच गार व्हायचा, आणि "मला कुणी चहा विचारत नाही" म्हणून ते ऑफिसभर कुरकुरायचे. आम्ही हसायचो. आम्ही सगळे हसायचो! गाड्यांची लपवलेली दुखणी शोधून पोट भरणारी माणसं आम्ही, आणि आमच्या पुढ्यात बसलेल्या माणसाचं आम्हाला दिसलं नाही.

आणि मग डाव्या सीटवर लक्ष गेलं. तिथे पोहण्याचा छोटा चष्मा पडला होता. काका रोज पाचला निघायचे ते नातीला पोहण्याच्या क्लासहून आणायला. त्यांची मुलगी उशिरापर्यंत कामावर, म्हणून ते काम आजोबांचं. नात बसायची ती डावीकडेच.

काका बाहेर आले तेव्हा मी अजून तिथेच होते. "झालं? सांग."

मी आकडा सांगितला.

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "काय? भंगारात घालायला निघालीस? कारण?"

"कारण डावी बाजू."

"डाव्या बाजूला काय झालंय?"

"काका, तुम्ही मला सांगा. डाव्या बाजूला काय झालंय?"

ते डाव्या दाराच्या मागच्या कडेशी उभे राहिले, पाहिलं, आणि म्हणाले, "काहीही झालेलं नाही!" तडकलेला आरसा त्यांच्या डावीकडे दोन हातांवर होता. मला रडूच कोसळायचं बाकी होतं. मी त्यांचं मनगट धरलं, त्यांचा हात ओढत नेला आणि दारावर ठेवला. माझ्या आयुष्यात मी त्यांना तोवर कधी स्पर्शही केला नव्हता.

हात मात्र तोच होता, चाळीस वर्षं गाड्या चाचपलेला. बोटं सरळ पोच्यावर गेली, कडेनं फिरली, खाली उतरली, रिमवर आली. ते वाकत गेले, मग जमिनीवर बसले. मान पूर्ण वळवून, नाक जवळजवळ पत्र्याला टेकवून त्यांनी पाहिलं.

"ही माझी गाडी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चालवणाऱ्याला डावीकडचं दिसत नाही," ते हळूच म्हणाले, अगदी नेहमीच्या सुरात, मालकाबद्दल सांगावं तसं. मग एकदम माझ्याकडे पाहिलं. "अगं, मी या वर्षात केलेले भाव! त्या सगळ्या गाड्या परत बोलाव. सगळ्या पुन्हा बघ. फी माझ्याकडून."

मला त्यांचा संताप आला. स्वतःच्या डोळ्यांचं काय व्हायचं ते होवो, मेंदूत काय बिघडलंय देव जाणे, आणि या माणसाला गाड्यांची पडलीये! मी ओरडलेच, "आधी डॉक्टर! गाड्या गेल्या खड्ड्यात!" माझ्यावर आवाज चढवायचा तर तो त्यांनी, हे आमचं ठरलेलं. या वेळी मात्र त्यांनी ऐकून घेतलं. मान हलवली. सकाळीच जाऊ म्हणाले.

तेवढ्यात पाच वाजले. सवयीनं ते उठले, चावीसाठी हात पुढे केला आणि हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला. "तू चालव," म्हणाले. पुढची जागा नातीची, म्हणून स्वतः मागच्या नावापुरत्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. गिअर जरा जोरात पडला तरी बोलले नाहीत, तेव्हा मात्र मला फार भीती वाटली.

नात तलावाच्या फाटकाशी उभी होती, केस ओले, काखेत टॉवेल. मला चालवताना पाहून तिला गंमत वाटली. "आजोबा मागे!" म्हणून ती खिदळली, तिच्या जागेवर बसली, पट्टा लावला. मग नीट सरसावून बसली आणि काचेला नाक लावून बाहेर बघू लागली. मी गाडी काढली.

"मावशी, फुटपाथ आला," ती म्हणाली. जरा पुढे गेल्यावर, "मावशी, सायकल. मावशी, एक आजी उभ्या आहेत, थोडं तिकडे घ्या."

"अगं, दिसतंय मला," मी म्हटलं.

तिनं वळून माझ्याकडे नवलानं पाहिलं. "तुम्हाला डावीकडचं दिसतं?"

मागून काकांचा आवाज आला, कोरडा पडलेला. "तू रोज मला हे सगळं सांगतेस, ते का गं? मला वाटायचं खेळतेस."

"खेळ नाही काही. आधी नव्हते सांगत," ती म्हणाली. "ती सायकलवाली पडली ना, तेव्हापासून सांगते. ती खाली बसून रडत होती, आणि तुम्ही थांबलाच नाहीत. मला वाटलं तुम्हाला उशीर झालाय."

मी आरशात पाहिलं. काका दोन्ही हातांनी माझी सीट घट्ट धरून पुढे झुकले होते.

"कुठली सायकलवाली?" त्यांनी विचारलं.

मी गाडी कडेला घेतली.