दाजींनी बाजूला ठेवलेली होडी

घाई करणारा माणूस दाजींना चोर वाटायचा. दुकानात शिरल्या शिरल्या "भाव सांगा, लवकर बांधा, गाडी आहे" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते आधी बसवत, मग पाणी देत, आणि तो पाणी पीत असताना त्याच्या पायांकडे बघत. "चपला काढाया तयार न्हाय, म्हंजे नियत पळायची हाय," असं मला नंतर गंभीरपणे समजावत. मी त्यांचा धाकटा मेहुणा. बार्शीहून एसटीनं येणारा, शाळेत भूगोल शिकवणारा आणि आल्याबरोबर परतीच्या गाडीची वेळ विचारणारा. माझ्याबद्दल त्यांचं मत काय होतं, ते मी कधी विचारलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. सोलापुरात त्यांचं चादरी-टॉवेलांचं होलसेल दुकान होतं. आता ते नाहीत, म्हणून हे लिहायला धजावलोय. असते तर पहिल्या ओळीलाच म्हणाले असते, "पाव्हणं, मास्तरकी तिकडं शाळेत. हितं च्या घ्या."

त्यांच्या धंद्याचा सगळा डोलारा 'बाजूला ठेवा' या दोन शब्दांवर उभा होता. मोडनिंबचा एखादा दुकानदार यायचा, गठ्ठे बघायचा, एकावर हात ठेवून म्हणायचा, "हे बाजूला ठेवा." दाजी त्यावर सुतळी टाकत, खडूनं गावाचं नाव लिहीत आणि त्या क्षणापासून तो गठ्ठा त्यांचा राहत नसे. मग चहा. चहा संपायच्या आत पैशाचा विषय काढणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं. एका लग्नसराईत लाल काठाच्या चादरी बाजारातून गायब झाल्या, तेव्हा एक व्यापारी जादा भाव द्यायला तयार होऊन गठ्ठ्यावरचं नाव पुसायलाच लागला. दाजींनी त्याचा हात धरला.

"ते मोडनिंबचं हाय."

"अहो, पण तो आलाय कुठं?"

"यील की. बाजूला ठिवलंय न्हवं!"

मोडनिंबकर पावसाळा संपल्यावर उगवला आणि म्हणाला, लग्न मोडलं, चादरी नकोत. दाजींनी त्यालाही चहा पाजला.

असा हा माणूस इंटरनेटवरच्या खरेदीत उतरला, आणि तेही मर्यादित साठ्याच्या, जिथं सगळा खेळच घाईचा. त्याचं कारण राजी. दाजींची एकुलती मुलगी, लग्न होऊन नवऱ्याबरोबर आयर्लंडला गेलेली. तिच्यावर त्यांचा इतका जीव की फोनवर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. "जेवलीस?" "हो अप्पा. तुम्ही?" "व्हय. थंडी?" "आहे." "बरं, आईला देतो." फोन अक्काच्या हातात दिला की जरा लांब उभे राहायचे आणि पलीकडचं बोलणं अक्काच्या चेहऱ्यावरून वाचत बसायचे.

म्हणून राजीनं शक्कल काढली. गेल्या खेपेला आली तेव्हा ती आपला जुना लॅपटॉप आणि खेळायचा कंट्रोलर घरी ठेवून गेली होती. एका शनिवारी तिनं तिकडूनच त्यावर होडीचा खेळ चालू करून दिला. होडी एक, वल्ही दोन. एक वल्हं इथून दाजींनी मारायचं, दुसरं तिकडून राजीनं. ताल चुकला की होडी गरागरा फिरणार. एकमेकांचं बोलणंही त्या खेळातूनच ऐकू येणार. शनिवार-रविवार खेळ फुकट, पुढं हवा तर विकत. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातला माणूस पाटावर मांडी घालून नदीत उतरला आणि काय सांगू, बोलायला लागला.

"डावीकडं घे! अगं दगड हाय त्यो! वढ, वढ! अशी वल्हवतीस व्हय? लहानपणी सायकल बी अशीच चालवायचीस!"

अक्का स्वयंपाकघरातून धावत आली. "कुणासंगं भांडायलेत हे?"

मी म्हणालो, "नदीशी."

रविवारी संध्याकाळी मी तिथंच होतो. लॅपटॉपचा आवाज मोठा होता, त्यामुळे आम्ही तिघंही ऐकत होतो. होडी एका संथ वळणाला लागली होती. राजी म्हणाली, "अप्पा, एक सांगू? मी महिनाभर झाला, एकटीच राहतेय. तो..."

आणि पडदा राखाडी झाला. मोफत मुदत संपली.

दाजी बराच वेळ वल्हं मारत राहिले. मग मीच राजीला फोन लावून त्यांच्या हातात दिला. "काही नाही अप्पा, सहज म्हटलं. जेवलात?" दाजी म्हणाले, "व्हय." अक्कानं फोन हिसकावला. "एकटी म्हंजे काय गं? तो कुटं गेला? भांडलात का?" तिकडून फोन बंद. त्यानंतर आठवडाभर राजीचे नुसते दोन शब्दांचे निरोप, कामात आहे. अक्का रात्रंदिवस देवासमोर, आणि दाजी दुकानात बसून गिऱ्हाइकाच्या पायांकडेही बघेनासे झाले.

"पाव्हणं," ते मला म्हणाले, "इचारलं की पोर मिटती. होडीत बोलती. होडी आणाया पाहिजे."

मी चौकशी केली. घरात मी कॉम्प्युटरमधला जाणकार समजला जातो, कारण एकदा माझ्या थापटीनं त्यांचा प्रिंटर चालू झाला होता. निघालं ते असं: कंपनीनं तो खेळ आवरता घेतला होता. खेळ उघडायचे उरलेसुरले कोड एका संकेतस्थळावर दोन खेपांत विकणार आणि मग कायमचं बंद. ज्यांच्याकडे आहे त्यांना खेळता येईल, नव्यांना नाही. राजीकडे तो होता, पण तिनं तिकडून दाजींना कोड भेट पाठवावा, तर तिकडचा इकडं चालत नाही.

"माल कुटं असतो ह्येंचा?" दाजींनी विचारलं.

"माल नसतोच दाजी. नुसती अक्षरं आणि आकडे."

"गोडाऊन?"

"नाही."

"मग संपतो कसा?"

मी ध्रुवीय वाऱ्यांबद्दल विचारल्यावर मुलांना देतो तसं काहीतरी उत्तर दिलं. दाजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे मालक दाबून ठेवायलाय. आमच्यागतच की."

पहिल्या खेपेला मी शाळेतून रजा काढून आलो. सकाळची वेळ. दाजी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून लॅपटॉपसमोर बसलेले. पडद्यावर उलटी मोजणी चालू. अक्का दारात पदर चावत उभी. मी उगाच दाजींच्या खांद्यावर हात ठेवला.

मोजणी शून्यावर आली, बटण उजळलं. दाजींनी दाबलं. 'तुमची वस्तू कार्टमध्ये आहे.'

"कार्ट म्हंजे?"

"टोपली. आपल्या नावाची," मी म्हणालो.

दाजी मागं टेकले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. "झालं. ठिवलं त्येंनी बाजूला. आता च्या टाक गं."

अक्कानं चहा टाकला. आलं किसून टाकला. आम्ही तिघांनी तो बशीत ओतून, फुंकर घालून घेतला. मी साखर जरा जास्त झाल्याचंही बोललो. मग दाजींनी धोतराला हात पुसले, अक्कानं लॅपटॉपला हळदीकुंकू लावलं आणि दाजींनी पैसे भरायचं बटण दाबलं. 'क्षमस्व. साठा संपला आहे.'

"ते दुसऱ्यांचं असंल," दाजी म्हणाले. "आपला बाजूला हाय."

मी परत दाबलं. टोपली रिकामी होती.

मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. तेव्हाही ओरडले नाहीत. आवाज उलट खाली गेला. "माझ्या नावानं ठिवलेला माल इकला? च्या पिऊस्तवर दम न्हाय? मालकाला फोन लावा."

मालकाचा फोन नव्हता. कोपऱ्यात एक चौकट होती, तिच्यात एक यंत्र विचारत होतं, मी तुमची कशी मदत करू? दाजींनी मला सांगायला आणि मी टंकायला सुरुवात केली: 'आपण व्यापारी आहात काय? आपल्या वडिलांनी आपणांस काय शिकवले?' यंत्रानं उत्तर दिलं, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. दाजींनी ते दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "माणूस गुळगुळीत हाय."

दुसरी खेप पुढच्या शनिवारी दुपारी. म्हणजे दाजींना आठवड्यात घाई शिकवायची होती. मी शाळा सुटली की एसटीनं यायचो, आणि सरावासाठी आम्ही दुसऱ्या एका दुकानातून बारीकसारीक वस्तू मागवायला लागलो. बटण, पत्ता, पैसे, फोनवर येणारे आकडे. दाजी प्रत्येक पायरीला थांबून "बसा की" म्हणावं तसं पडद्याकडे बघायचे. अक्का बाजूला उभी राहून त्यांना हाकलायची, "उरका, उरका!" दाजी कानडीत पुटपुटायचे, "सुम्मनिरु," म्हणजे गप्प बस. ऐन भांडणात ते दोघं कानडीत शिरत. आठवड्याअखेर घरात चहाच्या गाळण्यांची रास झाली होती आणि दाजींचा हात खरोखर पळायला लागला होता. ते बघून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शनिवारी मी शाळेतून थेट एसटी गाठली. अक्कानं घराचं दार आतून लावून घेतलं होतं. शेजारीण हाका मारत होती, पण कुणी ओ दिली नाही. बटण उजळलं. दाजींनी दाबलं. कार्ट. पत्ता. पैसे. मध्ये श्वाससुद्धा नाही. पडद्यावर चक्र फिरायला लागलं. फोन वाजला, आकडे आले, अक्कानं ते मंत्रासारखे खणखणीत वाचले, दाजींनी एका बोटानं टाकले. पुन्हा चक्र. अक्कानं माझं मनगट धरलं होतं, बांगडी रुतत होती. चक्र थांबलं.

'रक्कम मिळाली. मात्र साठा संपल्यामुळे आपली मागणी रद्द करण्यात आली आहे. रक्कम परत केली जाईल.'

दाजींनी लॅपटॉप मिटला, त्यावरचा कुंकवाचा जुना डाग अंगठ्यानं पुसला आणि उठून बाहेरच्या खोलीत गेले.

तिथं पुण्याच्या प्रदर्शनातून परत आलेला माल पडला होता. प्रदर्शनात लोक एकेक चादर उलगडून बघतात आणि तशीच टाकून जातात. भिंतीपर्यंत ढीग होता. दाजी सतरंजीवर बसले, एक चादर ओढली, झटकली आणि घडी घालायला लागले. मी परतीच्या गाडीची वेळ विचारली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

संध्याकाळी फोन वाजला. राजी. दाजींच्या दोन्ही हातांत चादरीची टोकं होती, म्हणून मीच फोन उचलला, आवाज मोठा केला आणि त्यांच्यासमोर सतरंजीवर ठेवला.

"अप्पा, मिळालं का?"

"न्हाय गं. संपलं म्हणं."

आता 'जेवलीस' येणार आणि फोन बंद होणार, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण दाजींचं अर्धं लक्ष काठाला काठ जुळवण्यात होतं. ते विचारायचंच विसरले.

"कसला आवाज येतोय?" राजीनं विचारलं.

"चादरी झटकायलोय. प्रदर्शनाचा माल आलाय. समदा इस्कटून ठिवलाय मेल्यांनी."

"मी पण भांडी घासायला घेतलीत." जरा वेळ नळाचा आवाज आला. "थांबा, फोन टेकवून ठेवते."

तिकडं भांडं भांड्याला लागत होतं, इकडं चादर फडफडत होती. अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. तिला पुढं व्हायचं होतं. मी मान हलवून नको म्हणालो आणि ती माझं ऐकून थांबली, हेही आयुष्यात पहिल्यांदाच.

"अप्पा, मी त्याला सोडून आलेय."

"व्हय," दाजी म्हणाले. हात थांबले नाहीत.

"रागावलात?"

"न्हाय. बोल तू. मी हितंच हाय."

आणि ती बोलायला लागली. ती काय बोलली ते तिचं आहे, मी लिहिणार नाही. कधी नळ बंद व्हायचा, कधी मधेच एखादं पातेलं जोरात आदळायचं. दाजी फक्त "मग?" म्हणायचे, आणि एकदा, "हात भाजला तवा डाक्टरकडं कोण आलं संगं?" उत्तर आल्यावर त्यांनी एक चादर तोंडापर्यंत उचलली आणि नेहमीपेक्षा जोरात झटकली.

एकीकडं घड्यांची चळत वाढत होती आणि दुसरीकडं ढीग उतरत होता. भिंत दिसायला लागली. मला उगाच धडकी भरली. राजीचं अजून निम्मंही सांगून झालं नव्हतं. दाजींनी शेवटच्या चादरीला हात घातला तेव्हा त्यांनाही ते कळलं असावं. तिची घडी त्यांनी इतकी सावकाश घातली, की मोडनिंबकरानं पाहिलं असतं तर गाडी चुकली असती.

तेव्हा अक्का दारातून हलली. पावलांचा आवाज न करता आली, दाजींनी रचलेल्या चळतीवरची वरची चादर उचलली, तिची घडी मोडली आणि पूर्ण उलगडून त्यांच्यासमोर टाकली. मग दुसरी. दुकानात घडी केलेल्या मालाला कुणी असा हात लावला असता, तर दाजींनी त्याला उभं केलं नसतं. त्यांनी मान वर करून अक्काकडे बघितलं. मी उठलो, अक्काच्या शेजारी बसलो आणि तिसरी उलगडायला घेतली.

"अप्पा, आहात ना?"

"हाय की," दाजी म्हणाले, आणि चादरीची दोन टोकं धरून झटकली.