कांडणारा नवरा, दळणारी बायको

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोने मला मागे टाकलं, तेही भर रस्त्यात. शहरातल्या वाडी भागातून आम्ही दोघं आपापल्या सायकलींवर मकरपुऱ्याला निघायचो. मी कारखान्यात, ती त्याच्या जरा पुढे, शाळेत शिकवायला. मी पेडल असं हाणायचो की तिकडे मांडवी दरवाजावरची कबुतरं उडायची. तरी ही बाई पदर खोचून, घामाचा थेंब न गाळता, पुढेच. कारखान्याच्या फाटकावर माझे गुजराती सोबती रोज ओरडायचे, "भाभी आगळ, भाई पाछळ!" एकदा, फक्त एकदा, त्या फाटकाशी तिच्याआधी पोचावं, एवढीच या जन्मीची इच्छा उरली.

शेवटी मान खाली घालून तिलाच विचारलं.

"अहो, तुम्ही कांडता," ती म्हणाली. "मुसळासारखा पाय वरून आदळता, तोही टाचेने. चवडा ठेवा पेडलवर, आणि जात्यासारखं दळा. खाली दाबलं की मागे ओढा. गोल गोल."

चवडा ठेवला. पण मागे ओढायला गेलो की चप्पल हवेत! एक तर म्हशीच्या पाठीवर बसून थेट पाणीगेटपर्यंत फिरून आली.

मग माझ्यातला इंजिनियर जागा झाला. बायको घरातून निघायच्या आत मी ओट्याला टेकून सायकलवर बसलो आणि परकराच्या दोन कोऱ्या नाड्यांनी दोन्ही बूट पेडलांना करकचून बांधले.

काय सांगू! ती सायकल नव्हतीच, पिठाची गिरणी होती. वाटेत बायको मागे पडली, रिक्षा मागे पडल्या, कंपनीची बस मागे पडली, माझी सावलीसुद्धा म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी येते सावकाश. फाटक आलं तेव्हा सोबत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

आणि तिथे लक्षात आलं, की पाय टेकवायचा तर तो आधी सुटायला हवा. थांबलो की आडवा! म्हणून समोरच्या कडुनिंबाला फेऱ्या घालू लागलो. सोबत्यांना वाटलं, भाईंची विजययात्रा. ते टाळ्या पिटत राहिले. भोंगा झाला, टाळ्या थकल्या, मी फिरतोच आहे. तेवढ्यात बायको आली. शांतपणे उतरली, सायकल स्टँडवर लावली आणि माझं कॅरियर धरलं.

"बघितलंस? मी आधी पोचलो!"

"पोचलात कुठे?" खाली वाकून गाठी सोडत ती म्हणाली. "पोचलेला माणूस उतरतो. मी उतरले."

मी न्यायासाठी रखवालदाराकडे पाहिलं. त्याने तिला कडक सलाम ठोकला, आणि भोंगा होऊन गेला म्हणून माझ्या तोंडावर फाटक लावून घेतलं.