उस्तादांचे तीन प्रश्न

उस्ताद माणसाचे आधी हात बघायचे आणि मग चेहरा. आमची ओळखही तशीच झाली. शारजाबाहेर, धैदच्या रस्त्याला असलेल्या एका नेमबाजीच्या क्लबात मी रिसेप्शनला लागले, त्या पहिल्याच दिवशी पांढऱ्या मिशांचा एक उंच माणूस माझ्या काउंटरशी येऊन उभा राहिला. मी फॉर्म लावत होते. तो थोडा वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, सकाळपासनं काय खाल्लं न्हाई तुम्ही." मी पुण्याची. अनोळखी माणसानं असं घरात शिरल्यासारखं बोललेलं मला खपत नाही. पण खरोखरच काही खाल्लं नव्हतं, आणि त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी पुढे केली तेव्हा मी ती मुकाट्यानं घेतली.

ते मूळचे सातारा जिल्ह्यातले, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. फौजेत हत्यार शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, तेच नाव त्यांच्याबरोबर इथे आलं. पाकिस्तानी ड्रायव्हर, केरळी कॅशियर, आमचा लेबनीज मॅनेजर, सगळे त्यांना उस्तादच म्हणत. पगाराच्या कागदावरचं नाव वाचलं की कुणाचं आहे हे आम्हाला क्षणभर आठवावं लागे.

क्लबाचे नियम कडक होते, देशाचे त्याहून कडक. गिऱ्हाइकाचं ओळखपत्र घ्यायचं, फॉर्म भरून घ्यायचा, गुन्हा नाही, आजार नाही, अशा रकान्यांपुढे सह्या घ्यायच्या, हे माझं काम. बंदूक साखळीनं टेबलाला बांधलेली असायची आणि क्लबाच्या दाराबाहेर कधीच जायची नाही. एवढं सगळं झाल्यावर माणूस आत उस्तादांकडे जायचा, आणि तिथे त्यांची स्वतःची तपासणी सुरू व्हायची. ती कुठल्याही नियमात नव्हती. ते तीन प्रश्न विचारायचे. "खाना खाया? नींद हुई? घर पे सब ठीक?" लोक हसायचे. कुणी गंमत म्हणून उत्तर द्यायचे, कुणी वैतागायचे. उस्ताद ऐकायचे कमी आणि बघायचे जास्त. मग आवाज अडवणारे कानावरचे मफ्स हातात द्यायचे, नाहीतर हळूच म्हणायचे, "आज नहीं, हबीबी. अगले हफ्ते आओ."

या "आज नहीं"पायी मॅनेजर डोकं धरून बसायचा. एकदा एका ऑफिसची वीस माणसं टीम बिल्डिंगला आली आणि उस्तादांनी नेमकं त्यांच्या साहेबालाच बाकावर बसवलं. तक्रार वरपर्यंत गेली. उस्तादांचं बरोबर होतं की चूक, हे आम्हाला कधीच कळलं नाही, कारण तो साहेब पुन्हा फिरकला नाही. कधीकधी ते साफ चुकायचेही. एका म्हाताऱ्या डॉक्टरांचे हात थरथरतात म्हणून त्यांना परत पाठवलं. ती थरथर आजाराची आहे, हे मागून समजलं. तेव्हा उस्ताद सुट्टीच्या दिवशी खजुराचा डबा घेऊन त्यांच्या घरी माफी मागायला गेले आणि तिथेच जेवून आले. पण प्रश्न विचारणं काही त्यांनी सोडलं नाही. मी एकदा म्हटलं, मी फॉर्म नीट भरून घेते ना, मग पुन्हा काय विचारायचं असतं तुम्हाला? ते म्हणाले, "फॉर्मवर माणसाचा काल असतो ताई. आज नसतो."

रुवैसच्या रिफायनरीतून एक अमेरिकन इंजिनिअर महिन्यातून एकदा गाडी हाकत यायचे. सत्तरीला टेकलेले, अतिशय सभ्य. त्यांचा आणि उस्तादांचा वाद ठरलेला असे. साहेबांचं म्हणणं, आमच्याकडे बंदूक हा हक्क आहे, माझ्या आजोबांची माझ्याकडे आहे. दुकानात चौकशी होते तेवढी पुरे, आणखी कायदे केलेत तर त्रास चांगल्या माणसांनाच, कारण वाईट माणूस दुकानात जातोच कशाला. उस्ताद सगळं ऐकून घ्यायचे. एकदा त्यांनी उत्तर दिलं, "साहब, मैं तो अच्छे आदमी को ही पूछता हूँ. बुरा आदमी मेरे पास आता किधर है?" मी ते इंग्रजीत सांगितलं तसे साहेब खूप हसले होते. आम्हीही हसलो.

शारजात अल मजाजला आमच्या शेजारच्या इमारतीत ते एका खोलीत तिघांबरोबर राहायचे, म्हणून जाता-येता माझ्याच गाडीत असायचे. सुट्टीला जेवायला आमच्याकडे. माझी मुलगी रेवा नववीत होती आणि शाळेच्या वादविवादात तिला नेमका हाच विषय आला: अमेरिकेत बंदूक विकण्याआधी होणारी चौकशी पुरेशी आहे का. तिनं उस्ताद आजोबांना इंग्रजीत सगळं समजावलं, त्यांनी मराठीत शंका काढल्या. दुकानदार नाव कळवतो, सरकारी यादीत बघतात, काही सापडलं नाही तर बंदूक देतात, असं ती म्हणाली. किती वेळ लागतो, असं त्यांनी विचारलं. "Mostly a few minutes," रेवा म्हणाली. उस्तादांनी मान हलवली आणि म्हणाले, तेवढ्यात माझा चहासुद्धा होत नाही. रेवानं ते वाक्य जसंच्या तसं भाषणात घातलं आणि दुसरं बक्षीस आणलं.

त्यांना एकच मुलगा. तो अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. बायको गेल्यापासून बापलेकांचं बोलणं आखडलं होतं. आठवड्यातून एक व्हिडिओ कॉल, त्यात थंडी किती आणि इथे ऊन किती, एवढंच. मुलाला बंदुकांची नावडच होती. बापाच्या फौजेच्या गोष्टी सुरू झाल्या की लहानपणापासून उठून जायचा, असं उस्ताद हसत सांगायचे. ते हसणं काही खरं नव्हतं.

एके दिवशी संध्याकाळी आम्ही नेहमीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो आणि त्याचा फोन आला. आमची संध्याकाळ म्हणजे त्याची सकाळ, कामाचा दिवस. त्याच्या भागात घरफोड्या होत होत्या, म्हणून पिस्तूल घ्यावं म्हणत होता, कुठलं घेऊ? मी शेजारी बसून सगळं ऐकत होते. उस्ताद पाऊण तास बोलले. कुठलं चांगलं, कुठलं नको, गोळ्या वेगळ्या कुलपात ठेव, बोट ट्रिगरबाहेर ठेव, सुनेलाही शिकव. त्यांचा आवाजच बदलला होता. फोन ठेवला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "चौतीस वर्षांत पहिल्यांदा पोरानं माझ्या धंद्यातलं काय विचारलं, ताई." मीही म्हणाले, बघा, शेवटी बापावरच गेला. हे वाक्य मला आजही चावतं.

कामाच्या दिवशी सकाळी मुलगा पाऊण तास मोकळा कसा, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ते तीन प्रश्न, जे उस्तादांनी हजारो परक्यांना विचारले, ते त्या पाऊण तासात त्यांनी विचारले नाहीत. त्याची नोकरी दोन महिन्यांपूर्वी गेली होती. सून तिच्या बहिणीकडे दुसऱ्या गावी राहायला गेली होती. त्यानं कुणाला काही सांगितलं नव्हतं. दुकानात त्याची रीतसर चौकशी झाली. ना गुन्हा, ना कसली नोंद. चांगला माणूस होता तो. पिस्तूल त्याच दिवशी हातात मिळालं, वडिलांनी सांगितलेलंच घेतलं, आणि चौथ्या दिवशी त्यानं स्वतःला संपवलं.

उस्ताद अमेरिकेला जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी मॅनेजरला एकच विनंती केली, मला गेटवर ठेवा. उन्हात उभे राहून गाड्यांना जागा दाखवायला लागले. त्यांना शिव्या देऊन आत बसवावं असं मला रोज वाटे, आणि मी नुसती पाण्याची बाटली देऊन परत येई. रुवैसचे साहेब आले तेव्हा गाडीतून उतरून त्यांच्याजवळ नुसते उभे राहिले. त्या दिवशी गोळी न झाडता परत गेले. 

मग सुनेचा निरोप आला. त्यांच्या राज्यात नवीन कायद्यावर सुनावणी होती: बंदूक विकत घेतल्यावर ती हातात देण्याआधी दहा दिवस थांबवायचं. गेलेल्यांच्या घरच्यांना बोलायला दोन मिनिटं मिळतात, इंटरनेटवरूनही चालतं, बाबा, तुम्ही बोलाल का? हत्यार शिकवण्यापलीकडे उस्ताद कधी चार माणसांत बोललेले नव्हते. तरी लगेच हो म्हणाले. त्यांनी मराठीत लिहून काढलं, रेवानं इंग्रजी केलं. ठरलं असं की ते एक वाक्य बोलतील आणि ती लगेच त्याचं इंग्रजी सांगेल. क्लबातलं स्टॉपवॉच आणून आम्ही आठवडाभर सराव घेतला. त्यांचं मराठी बरोबर दोन मिनिटांत बसवलं. रेवाचं इंग्रजीही बरोबर दोन मिनिटांत बसवलं. दोन्ही मिळून चार मिनिटं होतात, हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. मी इतकी वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म तपासत आले, आणि माझ्याही नाही.

सुनावणीच्या संध्याकाळी मगरिबच्या बांगेनंतर ते आले. इस्त्रीचा शर्ट, छातीवर काही नाही. मेडल लावा म्हटलं तर नको म्हणाले. लॅपटॉपसमोर ताठ बसले. नाव पुकारलं तसे बोलू लागले. "दुकानदाराचं काय चुकलं न्हाई. कायद्यानं जे विचारायला सांगितलं ते त्यानं विचारलं." रेवानं इंग्रजी केलं. "बापाला कायदा नव्हता. त्यानं विचारायला पायजे होतं." रेवाचा आवाज हलला, पण ती बोलली. "दहा दिवस मिळाले असते, तर त्यातल्या एखाद्या दिवशी मी फोन करून विचारलं असतं, पोरा, घरी सगळं ठीक हाय का." तिनं तेही सांगितलं. उस्तादांनी पान उलटलं, आणि तिकडून एक बाई अगदी सौजन्यानं म्हणाल्या की आपला वेळ संपला, आभारी आहोत. आवाज बंद झाला. उस्तादांचे ओठ आणखी एक वाक्य हलत राहिले. पुढचं नाव पुकारलं गेलं. तो माणूस कायद्याच्या विरोधात बोलला. त्यानं आधी उस्तादांच्या दुःखाबद्दल दोन शब्द म्हटले आणि मग आपलं म्हणणं मांडलं. उस्तादांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

मी लॅपटॉप मिटला. ते दुसऱ्या पानाकडे बघत होते. ते पान बोलायचं राहूनच गेलं होतं. मग त्यांनी रेवाला विचारलं, "पोराचं नाव झालं का गं सांगून?"

नाव शेवटच्या वाक्यात होतं. शेवटी आलं की लक्षात राहतं, असं मीच सुचवलं होतं. रेवा रडायला लागली. उस्तादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नंतर स्वतःशीच म्हणाले, "मग कुणाचा पोरगा गेला म्हणून ऐकलं असंल त्यांनी?"

त्या महिनाअखेरीला ते कायमचे गावी गेले. कायदा मताला आलाच नाही, असं सुनेनं पुढे कळवलं. मी त्यांना फोन करते. ते उचलतात, "बरं हाय" म्हणतात, आणि फोन ठेवतात. ते दुसरं पान ते जाताना आमच्याकडे ठेवून गेले. त्यावर शेवटचं वाक्य पेन दाबून लिहिलंय. तिथे ते म्हणायचं राहिलं, म्हणून निदान इथे लिहिते. "माझ्या मुलाचं नाव अभिजित होतं."