दीनानाथरावांचा पार्किंगमधला फेरा

दीनानाथ कर्णिकांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. दिल्लीत द्वारकेच्या या सोसायटीत आम्ही नवीन राहायला आलो होतो आणि लिफ्टमध्ये मी फोनवर कुणाला तरी सांगत होते की आज दूध फाटलं. मागून एक भारदस्त आवाज आला, "नासलं म्हणा. फाटतं ते कापड." मी चांगलं सुनावणार होते, तेवढ्यात त्यांच्या हातातली पांढरी काठी दिसली आणि शब्द गिळले. ते त्यांना कळलं असणार, कारण ते हसले. गिळलेले शब्दसुद्धा या माणसाला ऐकू येतात, हे मला पुढे नीट समजलं.

ते दिल्लीहून रेडिओवर मराठी बातम्या वाचायचे. काचबिंदूने पन्नाशीत डोळे गेले, तरी आवाज आणि ऐट तशीच राहिली. खात्री नसलेलं एक वाक्य आयुष्यात वाचलं नाही, असं ते इतक्यांदा सांगत की मी जांभई द्यायचे, आणि ती जांभईही त्यांना कळायची. बायको वारल्यावर घर सून सांभाळते. मुलगा जयदीप कामासाठी महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी असतो. सून सुखदा गुडगावला नोकरी करते. मोठ्याने बोलणारी, सासऱ्यावर जीव टाकणारी, आणि पायाला भिंगरी लावल्यासारखी धावणारी मुलगी.

दीनानाथरावांची एकच चैन होती. रोज सकाळी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये एकट्याने फेऱ्या मारायच्या. बाहेरच्या रस्त्यावर कुत्री, स्कूटर आणि खड्डे. पार्किंगमध्ये ते एका खांबापासून दुसऱ्या खांबाकडे जात, आणि येणारी-जाणारी गाडी आवाजावरून ओळखून मालकाला हाक मारत. "राघव, आज उशीर झाला?" "इंजिनचा पट्टा करकरतोय, दाखवून घ्या." माणसं गाडी थांबवून दोन शब्द बोलायची. या शहरात शेजाऱ्याला नावाने हाक मारणारा तो एकटाच माणूस असेल, आणि त्याला कुणाचाच चेहरा दिसत नव्हता.

मग विजेच्या गाड्या आल्या. हिवाळ्यात दिल्लीची हवा कशी होते ते मी सांगायला नको, आणि दीनानाथरावांना दमा. पार्किंगमध्ये चार्जर बसवायचे की नाही यावर सोसायटीत खडाजंगी झाली तेव्हा चार्जरच्या बाजूने सगळ्यात जोरात तेच बोलले. जयदीपलाही विजेची गाडी घ्यायला त्यांनीच भरीला घातलं, आणि ती सुखदा ऑफिसला न्यायला लागली. बघता बघता खांबाखांबावर पांढरे डबे लागले, त्यांतून जाड काळ्या केबली लोंबायला लागल्या, निम्म्या गाड्यांना हिरव्या नंबरप्लेट आल्या. धूर खरंच कमी झाला. आणि दीनानाथरावांच्या हाका थांबल्या.

"कल्पनाताई, माणसं आता चोरपावलांनी जातात," ते मला म्हणाले. मी रोज त्यांना पेपर वाचून दाखवते, तेव्हाची गोष्ट. "गाडी अंगावर आल्यावर टायरखालची कचकच ऐकू येते. तोवर ती निघून गेलेली असते. मी हाक मारतो ती मागच्या भिंतीला."

सुखदाने दोनदा सांगून पाहिलं होतं, बाबा, एकट्याने खाली जाऊ नका. दोन्ही वेळा ते चिडले. नंतर सुखदाने ठणकावलं, "एकदा जरी पडलात तर फेऱ्या बंद. बिल्कुल बंद." ते गप्प राहिले. त्या गप्प राहण्यात किती भीती होती ते मला ठाऊक आहे. तो फेरा गेला असता तर त्यांच्याकडे एक खुर्ची आणि मी वाचलेला पेपर, एवढंच उरलं असतं.

नोव्हेंबरमधल्या एका सकाळी मी दूध घेऊन येत होते. दीनानाथराव एका खांबाला टेकून जमिनीवर बसलेले, उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं. काठी लांब पडली होती.

"केबलमध्ये पाय अडकला," ते म्हणाले.

राघवची केबल खरोखरच तिथे वाटेत पडली होती. राघव तळमजल्यावरचा भाडेकरू, भोपाळकडचा, गरीब स्वभावाचा. त्याच्या वाट्याला आलेली जागा चार्जरपासून लांब, म्हणून केबल ओढून न्यावी लागे. मी सुखदाला फोन केला. ती अर्ध्या रस्त्यातून परत फिरली, आणि आम्ही तिघं तिच्याच गाडीतून दवाखान्यात गेलो. वाटेत ती रडत होती, राघवला शिव्या देत होती आणि मधेच स्वतःवरही चिडत होती. "आजचा दिवसच खराब, काकू. सकाळी मेन रोडला लागले तर डावीकडचा आरसा दुमडलेला. पार्किंगमध्ये कुणीतरी मस्ती केली असणार. तेव्हाच समजायला हवं होतं." मागच्या सीटवर दीनानाथरावांनी मान खाली घातली. दुखत असेल, असं मी समजले.

प्लास्टर झालं. फेऱ्या बंद झाल्या. सुखदाने सोसायटीत तक्रार केली आणि रविवारी मीटिंग ठरली, राघवचा चार्जर काढून टाकायचा म्हणून. तो रोज कामाला लांब मानेसरला जातो. घरी चार्जर नसेल तर त्याला गाडी तरी विकावी लागली असती नाहीतर घर तरी सोडावं लागलं असतं. शनिवारी तो संत्री घेऊन माफी मागायला आला. "अंकल, मैं तो रोज लपेट के रखता हूँ. उस दिन कैसे रह गयी, पता नहीं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. सुखदाने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

तो गेला, सुखदा स्वयंपाकघरात गेली, आणि मी पेपर उघडला.

"मिटा तो पेपर," दीनानाथराव हळू आवाजात म्हणाले. "केबल नव्हती, ताई. केबल माझ्या काठीला आधीच लागली होती, मी ती ओलांडली होती. गाडीचा आरसा कोपराला लागला आणि मी पडलो."

"कुणाच्या गाडीचा?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड फिरवलं. "काच खाली होती. ती फोनवर बोलत होती. अच्छा सर, बिल्कुल सर. आवाज माझ्या कानाजवळून गेला. तिला कळलंसुद्धा नाही."

 मला राग आला. "आणि तो बिचारा पोरगा संत्री घेऊन येतो तुमच्या दारात! लाज वाटत नाही?"

"वाटते. म्हणून तर सांगतोय." "तिला कळलं तर ती मोडून पडेल. आणि खरं सांगू? मी पहिला विचार तिचा केला नाही. केबल म्हटलं तर केबल उचलतील, फेऱ्या आज ना उद्या सुरू होतील. गाडी म्हटलं तर कायमच्या संपल्या. सगळं आयुष्य खरं वाचलं, आणि चार खांबांसाठी खोटं बोललो."

 मी त्यांना राघवचं एक संत्रं सोलून दिलं.

रविवारी क्लबरूममध्ये सगळे जमले. सेक्रेटरीने विषय काढताच दीनानाथराव उभे राहिले. त्या आवाजाने सगळे गप्प झाले. ते म्हणाले, राघवचा काही दोष नाही. मी केबलमुळे पडलो नाही. मी चुकीचं सांगितलं, त्याबद्दल राघवची माफी मागतो. मला गाडीचा धक्का लागला.

सुखदा ताडकन उठली. "गाडीचा? बाबा, कुणाच्या? आणि थांबला नाही तो? नाव सांगा, मी पोलिसात जाते!"

"नाव माहीत नाही," ते म्हणाले. मला कळलं, हे दुसरं खोटं. आणि इतक्यात सेक्रेटरीने, त्याच्या हिंदीत, अगदी साधा प्रश्न विचारला, धक्का कशाचा, बंपरचा का?

दीनानाथराव बेसावध होते. प्रश्न विचारला की खरं उत्तर द्यायचं, ही जन्माची सवय. "नाही, आरशाचा," ते बोलून गेले. "डावीकडच्या."

 सुखदा हळूहळू खाली बसली. मी तिच्याकडे पाहिलं आणि पाहायला नको होतं असं वाटलं. पुढे राघवचा चार्जर राहू द्यायचं ठरलं आणि लोक चहा प्यायला उठले. तिने चहा घेतला नाही. घरी गेल्यावर दोघांमध्ये काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. माझा अंदाज आहे की काहीच झालं नसावं.

प्लास्टर निघालं. फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. बंदी कुणी घातली नाही. फक्त आता सुखदा त्यांच्याबरोबर असते. ऑफिसला उशिरा जाते, मेट्रोने जाते, पण सकाळी त्यांचा दंड घट्ट धरून त्यांना फिरवून आणते. खांब आला की आधीच वळवते, केबल दिसली की थांबवते. त्यांची काठी आता घरीच असते. राघव लांबूनच काच खाली करून ओरडतो, "अंकल, मैं राघव!" आणि ते मान हलवतात.

परवा मी त्यांच्याबरोबर होते. सुखदाची गाडी चार्जरला लावलेली, वर धुळीचा थर. दीनानाथरावांनी चालता चालता मोकळा हात बॉनेटवर टेकवला आणि बोटांवरची धूळ चोळली.

"किती दिवस उभी आहे गं ही?"

"असू दे, बाबा."

"ऑफिस लांब आहे तुझं."

"असू दे."

आम्ही पुढच्या खांबापर्यंत आलो. तिथे ते थांबले. इतक्या मऊ आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "सुखदा, मला एकट्याला चालता येतं गं."

"मला माहीत आहे, बाबा," ती म्हणाली, आणि तिने दंड सोडला नाही.