जेवढं लागन तेवढं

डॉक्टरांनी माझा दंड दोन बोटांत धरून दाबला आणि भोवतीच्या शिकाऊ पोरांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. पोरं हसली. मग बाबांकडे वळून म्हणाले, हिचं जुळतंय, तब्येतही चांगली आहे. हिच्या कमरेच्या हाडातला मगज काढून मुलाला देऊ.

माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मी दहा वर्षांची. धाकट्या भावाला थॅलेसेमिया. रक्त चढवल्याशिवाय तो उभा राहत नसे. बाबा कळमन्याच्या बाजारात हमाल. त्यांनी हात जोडले.

"पोरगी आपलीच आहे साहेब. घ्या, जेवढं लागन तेवढं."

मला बाजारातली पोती आठवली. बाबांचा डबा घेऊन मी कळमन्याला जायची. तिथे व्यापारी पोत्यात पोकळ लोखंडी सळई खुपसून धान्य काढतो, तळहातावर पाहतो, खाली टाकून देतो. पोत्याचं भोक तसंच राहतं. उचललं की त्यातून तूर गळत राहते. माझं तेच होणार. भाऊ घरी जाईल आणि मी रिकामी होऊन इथेच पडेन. आईला विचारलं तर म्हणाली, गप बस, भावाच्या जिवाचा प्रश्न आहे. तेव्हापासून मी ताट तसंच परत सरकवायची.

मगज काढायच्या दिवशी मी दाराची चौकट धरली. चड्डी ओली झाली, तीही सगळ्यांनी पाहिली. डॉक्टर वैतागले.

"पेशंट तो आहे. तुला काय झालंय?"

"माह्यातलं काढून राहिले ना तुमी? मंग मले सांगा आधी."

आईने पाठीत धपाटा घातला. मी चौकट सोडली नाही. शेवटी उशीर होतोय म्हणून त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं. थोडंच घेणार, तू झोपलेली असशील, अंगात ते पुन्हा भरून येतं. बस, एवढंच. एवढं न सांगता मला इतके दिवस मेल्यासारखं ठेवलं होतं. मी चौकट सोडली आणि स्वतःच्या पायांनी आत गेले.

भाऊ जगला. घरच्यांनी डॉक्टरांचे पाय धरले. माझी कंबर दुखते का, हे कोणी विचारलं नाही.

आता मोठी झाले, तरी कोणी न बोलावता मी त्याच वॉर्डात जाते. आजारी लेकराच्या खाटेशेजारी उभ्या असलेल्या, ज्यांचा मगज काढायचा त्या धडधाकट बहीण-भावांजवळ बसते. आत शिरताना अजूनही आधी चौकट धरते. डॉक्टर बदलले, दंड दाबायची सवय तीच आहे. ज्याच्यातलं काढता त्या लेकराला आधी सांगा, मी त्यांना म्हणते. लेकरू स्वतः हो म्हणेपर्यंत मी दारातून हलणार नाही.