चेहरे कापणाऱ्या ताई

"भाऊ, हे वापस येते न?"

माउसचं बटण दाबण्याआधी ताई हे विचारायच्याच. बोट खाली न टेकवता, तापल्या तव्याचा अंदाज घ्यावा तसं हवेत धरून. मी "येते" म्हटलं की डोळे घट्ट मिटून क्लिक करायच्या. डोळे मिटून फोटो दुरुस्त करणारं माणूस तुम्ही पाहिलं नसेल. मी पाहिलं आहे.

हिंदी मुलखात, सिलतऱ्यातल्या एका कारखान्यात गेटपासचं काम माझ्याकडे होतं. कामगाराचा फोटो काढायचा, संगणकावर चेहरा मापात कापायचा, मागची भिंत पुसून पांढरी करायची आणि पास छापायचा. ताईंचे यजमान तिथेच क्रेन चालवायचे. एका दुपारी ड्यूटीवरून परतताना बसमध्येच त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. त्यांच्या जागी ताईंना नोकरी मिळाली, माझ्या शेजारच्या खुर्चीवर. सहा महिन्यांत काम जमलं तर कायम, नाही तर नाही. घरी कॉलेजात जाणारी मुलगी आणि थकलेल्या सासूबाई.

ताई भंडाऱ्याकडच्या, दहावीपर्यंत शिकलेल्या. संगणकाला कधी हात लावलेला नव्हता. पहिल्याच दिवशी काहीतरी चुकीचं दाबलं गेलं आणि संगणकानं "ठण्" केलं, तर त्या खुर्चीवरून उठून उभ्याच राहिल्या. मला हसू आलं.

"हसता काहून भाऊ? त्या दिवशी फोन असाच अचानक वाजला होता."

मी संगणकाचा आवाज कायमचा बंद केला.

त्यांनी एक शंभरपानी वही केली होती. फोटोच्या सॉफ्टवेअरमधली इंग्रजी नावं त्यांच्या तोंडात बसेनात, म्हणून त्यांनी आपलीच नावं ठेवली. कडेकडेनं रेघ फिरवून चेहरा वेगळा करतात ते "दावं". एका जागचा रंग उचलून दुसरीकडे लावतात तो "ठप्पा". एकावर एक थर चढवतात ती "गोधडी". "आधी गोधडी अंथरा, मंग दावं टाका" अशी वाक्यं त्या पुटपुटत लिहायच्या.

एकदा अभनपूरकडच्या एका कामगाराचा चेहरा त्यांच्या हातून आडवा ताणला गेला. पास बघून तो म्हणाला, "दीदी, मोला त मोटा कर दे हस!" रांगेतले सगळे हसले. ताईंचा चेहरा मात्र उतरला. "याले गेटवर नाही ओळखलं त? याची रोजी जाईन न भाऊ." त्याला नवा पास करून दिला, आणि तो आत जाईपर्यंत त्या गेटाशी उभ्या राहिल्या.

एवढं काय घाबरायचं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. चौथ्या महिन्यातल्या एका सोमवारी मला कळलं.

ठेकेदाराचे बत्तीस नवे कामगार आले होते. सकाळी मी त्यांचे फोटो काढून संगणकात घेतले आणि दुपारी मुख्य ऑफिसात गेलो. ताई पहिल्यांदाच एकट्या होत्या. चारला परतलो तर त्या दोन्ही हात मांड्यांखाली दाबून पडद्यासमोर बसलेल्या.

"भाऊ, हे वापस येऊन नाही राहिलं."

मी पाहिलं. फोटो लहान करून त्यांनी ते मूळ फोटोंवरच सेव्ह केले होते आणि सगळं बंद केलं होतं. बत्तीस माणसं नखाएवढी झाली होती. मोठी करावीत तर नाक-डोळ्यांच्या जागी नुसते चौकोन. कॅमेऱ्याचं कार्ड तरी बघावं म्हणून हात पुढे केला आणि आठवलं की ते सकाळी मीच पुसलं होतं. दुसऱ्या दिवशी आठ वाजता ती माणसं गेटवर येणार होती. पासाशिवाय कुणालाही आत सोडत नव्हते.

"ताई, संगणक बिघडला म्हणून सांगू." यात मी माझीही कातडी वाचवत होतो.

त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "नाही भाऊ. लपवलं त मले रोजच भेव वाटन. मी सांगते."

कठडा धरत त्या जिना चढल्या. मी मागोमाग. साहेबांच्या दारापासून दोनदा परत फिरल्या. तिसऱ्यांदा आत गेल्या.

"सर, बत्तीस फोटो मेरे हाथ से खराब हो गए. मैं दुबारा बनाऊंगी."

मग मला गप्प बसवेना. "सर, कार्ड मैंने मिटाया था."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "कल आठ बजे गेट पर एक भी आदमी रुका नहीं दिखना चाहिए."

ठेकेदाराला सांगून माणसं सकाळी सहालाच बोलावली. मी गेटवर फोटो काढत होतो, पाच-सहा झाले की कार्ड घेऊन धावत होतो. आत ताई, वही आणि संगणक. आधी त्यांनी प्रत्येक फोटोची वेगळी प्रत केली, मग कापायला घेतलं. कपाळावरचा घाम मनगटानं पुसत होत्या, पण मला एकदाही हाक मारली नाही. आठला पाच कमी असताना बत्तिसावा पास निघाला. तो देऊन झाल्यावर त्या बाहेर नळापाशी गेल्या आणि भडभडून ओकल्या.

त्या कायम झाल्या. भीती काही गेली नाही, पण तिच्यासकट काम व्हायला लागलं.

पुढे एक दिवस त्या पिशवीतून फोटो घेऊन आल्या. नागपूरला दीक्षाभूमीवर काढलेला, सगळं घर आणि मधोमध यजमान. त्यांचा एकट्याचा बरा फोटो घरात नव्हता. इतके दिवस हा दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा धीर झाला नव्हता.

मी तो संगणकात घेऊन दिला आणि ताईंनी स्वतःच कापायला घेतला. नणंद गेली, दीर गेला, गर्दी गेली, मागे पांढरं झालं. यजमान उरले, आणि त्यांच्या खांद्यावर शेजारून आलेली चार बोटं. ताईंची.

"ही पुसून देऊ का?" मी विचारलं.

ताईंनी माउस स्वतःकडे ओढला. "राहू द्या भाऊ," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच सेव्ह केलं.

गेल्या वर्षी मुलीला पुण्यात नोकरी लागली. सासूबाई तोवर गेल्या होत्या. ताईंनी राजीनामा दिला. मी सामान चढवायला पुरानी बस्तीतल्या त्यांच्या घरी गेलो. खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. मुलगी ऑटोतून हाक मारत होती, "मम्मी, चलो ना, ट्रेन छूट जाएगी."

ताईंनी भिंतीवरची शेवटची तसबीर उतरवली, पदरानं काच पुसली आणि काच बाहेर ठेवून ती छातीशी धरत ऑटोत जाऊन बसल्या. ऑटो वळेपर्यंत मला तसबिरीतले यजमान दिसत होते. पांढऱ्याशुभ्र कागदावर एकटेच बसलेले, आणि खांद्यावर चार बोटं.