अनसूया टेंबे आणि सव्वासात इंची रेल्वे

मंडळाच्या फलकावर अकरा नावं आहेत. त्यांतलं काम करणारं एक, अनसूया टेंबे. दुसरे काम करणारे दत्तोबा वेल्डर, पण त्यांचं नाव फलकावर घालायचंच राहिलं.

भिगवण रस्त्याच्या कडेला एका माळावर ही छोटी रेल्वे आहे. दोन रुळांमधलं अंतर सव्वासात इंच. डबा म्हणजे चाकांवरचा लांबट ओंडका. त्यावर घोड्यावर बसल्यासारखं दोन्हीकडे पाय सोडून बसायचं आणि दर रविवारी माळाला चकरा मारायच्या. निवृत्त फिटर-टर्नर मंडळींनी ती हौसेनं उभी केली. त्यांतले काही वारले, काही पुण्याला लेकाकडे गेले, आणि रिकाम्या जागा शोभेच्या माणसांनी भरल्या. शोभेची माणसं टोपी घालतात, हिरवं निशाण धरतात, शिट्टी फुंकतात. रुळाखाली खडी भरायची म्हटलं की त्यांच्या कंबरेत उसण भरते.

अनसूयाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. बी.एस्सी. होऊन एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागल्या. एकतीस वर्षं साहेबलोकांचे नकाशे गिरवले आणि त्यांतल्या चुका दाखवल्या. "तुम्ही फक्त गिरवा, बाई," साहेब म्हणायचे. पुढे जुळणीत भाग बसला नाही की तेच साहेब गुपचूप खोडरबर घेऊन त्यांच्या टेबलाशी येत. एवढं पाहिल्यावर माणसांबद्दल फार आदर उरत नाही. बाईंनी तो उरवायचा प्रयत्नही केला नाही. आता त्या बारामतीहून एसटीनं येतात. मंडळाच्या तपासनीस त्याच. त्यांची सही झाल्याशिवाय गाडी सुटत नाही, असा नियम आहे, आणि तोही त्यांनीच करायला लावलेला.

यंदा मार्ग शेततळ्यापर्यंत वाढवायचं ठरलं. बाईंनी आणि दत्तोबांनी दोन महिने खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, वळणं काढली, रूळ टाकले. मग बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्या आठ दिवस घरी बसल्या. एवढ्यात शोभेच्या माणसांना काम सुचलं.

शनिवारी सकाळी बाई काळा चष्मा लावून आल्या, तर तळ्याकाठी नवा कोरा फलाट! अध्यक्ष हिंदुराव आणि चिटणीस केयूर यांनी भिगवण स्टेशनात जाऊन फोटो काढले होते आणि गवंड्याला तस्संच बांधायला सांगितलं होतं. दोन फूट उंच, वर शहाबादी फरशी, आणि डब्याला अगदी चिकटून.

बाईंनी मापाची फळी काढली. बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांएवढी रुंद कापलेली ही प्लायवूडची फळी ट्रॉलीवर उभी करून ढकलायची. ती जिथं अडेल तिथं माणूस अडणार. फळी फलाटाच्या कोपऱ्याला खाडकन अडली.

"हा मागे घ्या," बाई म्हणाल्या. "एक फूट."

"आता?" हिंदुराव म्हणाले. माळ त्यांचा, म्हणून तीन वर्षं अध्यक्ष तेच. "बाई, उद्या साडेधाला उद्घाटन हाय. साठ पोरं येनार हायती. आख्ख्या तालुक्यात पत्रिका गेल्यात."

"पत्रिकेत गुडघे फोडून मिळतील असं छापलंय का?"

केयूर बारामतीत कॉम्प्युटरचं काहीतरी करतो आणि रविवारी इथं येऊन मोबाइल धरतो. तो म्हणाला, "मॅडम, आपण बोर्ड लावू ना. पाय आत घ्या म्हणून."

"कशाच्या आत? ओंडक्याला आत असतं का रे? तू कधी बसलायस त्यावर?"

केयूर कधी बसला नव्हता.

"मी सही करणार नाही."

"नका करू," हिंदुराव म्हणाले. "सहीचं मी बगतो. अध्यक्ष हाय मी."

म्हणजे उद्या गाडी सुटणारच होती, साठ मुलं घेऊन. बाईंनी मनात हिशेब केला. तीन वर्षांत हिंदुरावांनी किती गाड्यांना निशाण दाखवलं? शेकडो. बसले किती वेळा? पांढऱ्या कडक विजारीची इस्त्री मोडते म्हणून एकदाही नाही.

"अध्यक्ष, नव्या मार्गावर पहिला मान तुमचा," बाई म्हणाल्या. "आत्ताच बसून घ्या. उद्या पाहुणे आले की तो मान त्यांना जाईल."

मान दुसऱ्याला जाणं हिंदुरावांच्या घराण्यात बसत नव्हतं.

"व्हय, ते मातुर बरोबर हाय."

दत्तोबा इंजिनावर बसता बसता कुजबुजले, "बाई, लागंल की त्यास्नी."

"मुंगीच्या चालीनं घ्या. ब्रेकवर हात ठेवा." मग त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अध्यक्ष, गुडघा आपटणार. आधी सांगतेय."

"आमचं गुडगं तालमीतलं हायती, बाई!"

केयूरनं व्हिडिओ सुरू केला. गाडी सरपटत फलाटाशी आली. तालमीतला उजवा गुडघा फरशीच्या कडेला टेकला, मग दाबला गेला, आणि मग अध्यक्ष डावीकडच्या खडीत बसलेले दिसले.

"आयला! कुनी बांदला रं ह्यो फलाट?"

केयूरनं मोबाइल खिशात घातला.

विजार फाटली होती, गुडघा सोलला होता. हिंदुराव तो चोळत त्या कडेकडे बघत राहिले. "आमची नात, राजनंदिनी, बसनार हुती उद्या पैल्या डब्यात," ते हळूच म्हणाले. तीन वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं कामाचं वाक्य. बाईंच्या मनातला तिरस्कार त्यामुळे सूतभर कमी झाला. त्याहून जास्त नाही.

"दत्तोबा, घन आना," हिंदुराव म्हणाले, आणि पहिला घाव त्यांनी स्वतः घातला. तिसऱ्याला दमले. पुढचे दत्तोबांनी घातले. केयूरनं पाट्या भरून राडारोडा वाहिला, आणि पाचव्या पाटीनंतर हाताचे फोड दाखवत हिंडला.

रविवारी सकाळी फळी न अडता पार गेली. फलाटाची कड कुरतडल्यासारखी दिसत होती, पण गुडघ्यापासून फूटभर लांब होती. बाईंनी सही केली.

उद्घाटनाच्या भाषणात हिंदुराव लंगडत उभे राहून म्हणाले, "पोरांच्या जिवाला जपायचं म्हनून मी सोता बसून चाचनी घेतली!" टाळ्या पडल्या. राजनंदिनी पहिल्या डब्यात पाय पसरून बसली होती. सत्काराचे हार घेऊन आलेली शोभेची माणसं थेट रुळांवर उभी राहून फोटो काढत होती.

केयूरनं माईक बाईंपुढे धरला. "मॅडम, दोन शब्द."

"रुळावरून बाजूला व्हा," बाई माईकमध्ये म्हणाल्या. "गाडी सुटतेय."